अर्थ लागेना: बटणांच्या दिव्यांचं एक प्रकरण

गुरुजींची तक्रार एका ओळीची होती. रात्री गाडी खड्ड्यात गेली की एसीच्या बटणांचा लाइट जातो, आणि पुढच्या खड्ड्यात परत येतो.

गाडी २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, दुसऱ्या हाताची. गुरुजींनी ती २०१९ मध्ये घेतली. कराडला घर, शाळा पाटणच्या बाजूला, म्हणजे रोज येऊन-जाऊन साठ-सत्तर किलोमीटर. हिवाळ्यात शाळेतून निघायला उशीर झाला की मल्हारपेठेच्या अलीकडेच अंधार होतो. अशा वेळी काच धूसर झाली, हाताने ब्लोअरचं बटण चाचपलं आणि भलतंच दाबलं गेलं, तर माणूस रस्त्यावरची नजर काढून खाली बघतो. त्यामुळे ‘बारका लाइटच तर आहे’ म्हणून सोडून देण्यासारखं हे काम नव्हतं.

माझ्या गॅरेजमध्ये येण्याआधी दोन ठिकाणी काम झालेलं होतं. हे मला गुरुजींनी तोंडाने सांगितलं नाही, फाइल पुढे केली. गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये पंचिंग केलेली फाइल, त्यात प्रत्येक बिल तारखेने लावलेलं. पस्तीस वर्षं हजेरीपट सांभाळणारा माणूस! एप्रिल २०२३ चं बिल: सगळ्या बटणांचे बल्ब बदलले, साडेसहाशे रुपये. ऑगस्टचं बिल: स्टीअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे हेडलाइट-इंडिकेटरच्या दांडीचा, नवीन, तीन हजार दोनशे रुपये. दोन्हीनंतर लाइट चार-आठ दिवस बरा चालला आणि मग पहिले पाढे पंचावन्न. ती फाइल मी तेव्हा वरवर चाळली. नीट वाचली असती तर निम्मं काम तिथेच झालं असतं.

या बटणांच्या मागे वायरिंग कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

हेडलाइटचा स्विच पहिल्या घरात फिरवला की पार्किंग, मागचे टेल लॅम्प, नंबर प्लेट आणि आतल्या बटणांचे बल्ब हे सगळं एकदम चालू होतं. एकाच १० अँपिअरच्या फ्यूजवरून. बटणांचे बल्ब अगदी बारके, १.२ वॅटचे. एसी पॅनलमागे दोन, आणि हॅझर्ड, फॉग, मागच्या काचेचा डिफॉगर, सिगारेट लायटर, हेडलाइट वर-खाली करायचं चाक यांच्यात एकेक. एकूण सात. सातही बल्बना प्लस एकाच वायरने येतो, आणि सातही बल्बची परतीची वायर पुढे एक होते. ती एक झालेली वायर सरळ बॉडीला जात नाही. मधे डिमर आहे. स्टीअरिंगच्या उजव्या अंगाला अंगठ्याने फिरवायचं ते दातेरी चाक म्हणजे हाच डिमर. आत चिनी मातीवर गुंडाळलेली रेझिस्टन्सची तार आणि तिच्यावर सरकणारी पितळी जीभ. जीभ एका टोकाला नेली की रस्ता मोकळा, लाइट पूर्ण. दुसऱ्या टोकाला नेली की सगळी तार मधे येते, लाइट मंद. तिथून पुढे बॉडी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेला गाडीचा पत्रा.

म्हणजे या गाडीत बटणांच्या बल्बचा अर्थ हा खरा अर्थ नाही, डिमरमधून गाळून आलेला अर्थ आहे. आणि सगळं प्रकरण नेमकं इथेच घडलेलं होतं. या गाडीत स्पीडोमीटरचे दिवे वेगळे, ते या वायरवर नाहीत. म्हणून मीटर कधी विझला नाही आणि म्हणूनच गुरुजी आठ महिने तसेच चालवत राहिले.

पहिली फेरी, आणि माझी चूक

गाडी आली तेव्हा दुपार होती. पार्किंग लावलं, सगळी बटणं उजळली. एक फॉगचं सोडून. ते म्हटलं बल्ब गेला असेल, नंतर बघू. डॅशबोर्डवर थापा मारल्या, काही फरक नाही. हॅझर्डचं बटण उपसून टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर तपासायचा दिवा, लावला: प्लस आहे, अर्थ आहे. फ्यूज काढून पाहिला तर १० च्या जागी २० चा. तो मनातल्या मनात शिव्या घालून बदलला.

मी विचारलं, “गुरुजी, हे डिमरचं चाक फिरवलं तर?”

“ते शोभेचं आहे. पूर्वी चालायचं, मग बंद पडलं. मला लागतही नाही.”

मी “बरं” म्हणून पुढे गेलो. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. बटणांच्या दिव्यांची तक्रार घेऊन आलेला माणूस स्वतःहून सांगतोय की डिमर चालत नाही, आणि मी ते ऐकून सोडून दिलं. कारण माझ्या डोक्यात उत्तर आधीच तयार होतं. खड्ड्यात जातो-येतो म्हणजे अर्थचा बोल्ट सैल. डाव्या पायाशी पॅनलच्या आत बॉडीला आवळलेला अर्थचा बोल्ट सापडला, त्याला गंजही होता. पॉलिश पेपरने घासला, आवळला, वरून ग्रीस. तीनशे रुपये घेतले. लाइट लागत होता तेव्हाही आणि नंतरही, म्हणजे मी काय दुरुस्त केलं याला पुरावा शून्य.

आठ दिवसांनी गुरुजी परत. रागावले नव्हते. शांतपणे म्हणाले, “मिस्त्री, मुलगा पाठ न करता परीक्षेला बसतो ना, तसं झालंय तुमचं.”

दुसरी फेरी

या वेळी मी हत्यार उचललं नाही. गुरुजींना म्हटलं, संध्याकाळी सातला या, मी तुमच्या शेजारी बसतो, आपण रोजच्या रस्त्याने जाऊ. फॉल्ट समोर असताना मोजायचं, नसताना मोजून उपयोग नाही, हे मला आयटीआयमध्ये शिकवलेलं होतं. पोट भरायच्या घाईत विसरायला होतं.

पाटण रस्त्याला लागलो. गुरुजींनी भजन लावलं होतं. एका स्पीडब्रेकरवर जरा जोरात आदळलो आणि एसी पॅनल विझलं. त्याच क्षणी भजनही बंद पडलं.

“गुरुजी, टेप का बंद केला?”

“मी नाही केला. तो अधूनमधून जातो तसा.”

“लाइट गेल्यावरच जातो का?”

गुरुजी जरा थांबले. “ते नाही पाहिलं कधी. त्याची तक्रार स्टेरिओच्या दुकानात केली होती. ते म्हणाले, स्टेरिओच तसा आहे.”

पुढच्या खड्ड्यात बटणं उजळली आणि स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह फिरायला लागलं. स्टेरिओ पुन्हा पहिल्यापासून चालू होत होता. परतीच्या वाटेवर हे आणखी तीनदा झालं. दर वेळी दोन्ही एकदम. मी एफएम लावून बघितलं: खरखर. “ते तर कधी धड लागतच नाही,” इति गुरुजी. म्हणजे तीन तक्रारी होत्या. गुरुजींच्या लेखी त्या तीन वेगळ्या होत्या, आणि दुरुस्त करायच्या लायकीची त्यातली एकच.

गॅरेजवर आल्यावर दिव्याखाली फाइल पुन्हा उघडली. ऑक्टोबर २०२१, दसऱ्याच्या सुमाराचं बिल: सात इंची टचस्क्रीन स्टेरिओ, फिटिंगसह. फेब्रुवारी २०२३: स्टेरिओ उतरवून यूएसबी वायर बदलली, दोनशे रुपये. आणि एप्रिलपासून बल्ब, स्विच वगैरे. विचारलं, “डिमरचं चाक कधी बंद पडलं?” “झाली असतील दोन वर्षं.” दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते फाइलीत होतंच.

तरी संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. माझ्याकडे व्होल्टेज मोजायचा एक जुना काट्याचा मीटर आहे, वडिलांच्या वेळचा. डिजिटल मीटर आकडा अचूक दाखवतो, पण हलणारी गोष्ट काट्यावर जशी दिसते तशी आकड्यांत दिसत नाही. मीटरची काळी पिन लांब वायरने थेट बॅटरीच्या मायनसला लावली आणि लाल पिन एसी पॅनलच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) बल्बच्या परतीच्या वायरवर. पार्किंग चालू. परतीच्या वायरवर चांगल्या स्थितीत जवळजवळ शून्य यायला पाहिजे, पाव व्होल्टच्या आसपास. आलं ०.१५. ठीक. मग डिमरचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काटा ढिम्म. चाक फिरवल्यावर इथला व्होल्टेज चढायलाच हवा, नाहीतर लाइट मंद होणार कसा? म्हणजे करंट डिमरमधून जात नाही, दुसरीकडून कुठूनतरी बॉडीला जातोय.

मग गुरुजींना म्हटलं, आवाज वाढवा. ढोलकी लागली आणि मीटरचा काटा ढोलकीबरोबर नाचायला लागला. ०.३, ०.९, ०.४, ०.९. लक्ष देऊन पाहिलं तर एसीची बटणंही त्याच ठेक्यावर किंचित मिणमिणत होती.

बल्बच्या परतीच्या वायरवर फक्त बल्ब असतील तर तिथला करंट स्थिर असतो, अर्धा-पाऊण अँपिअर. तो गाण्याच्या तालावर हलत असेल तर त्या वायरवर गाणंही चढलेलं आहे.

मी डॅशबोर्डच्या मध्यावर मूठ आपटली. तिसऱ्या वेळी बटणं विझली, स्टेरिओ मेला आणि काटा सरळ १२ वर गेला. याचा अर्थ नवशिक्यांना हमखास चकवतो. बल्बची परतीची वाट तुटली की बल्बमधून करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नसला की बल्बच्या दोन्ही बाजूंना प्लसचाच व्होल्टेज दिसतो. अशा वेळी टेस्ट लॅम्प दोन्ही पिनांवर पेटतो आणि माणूस म्हणतो, “दोन्हीकडे प्लस आला, स्विच शॉर्ट आहे.” ऑगस्टमधला तीन हजार दोनशेचा स्विच बहुधा याच वाक्यावर बदलला गेला असावा. त्या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही. मी तर बोल्ट घासून तीनशे घेतलेले होते.

दिवसा उजळणारं बटण

गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी माझ्या हाताखालचा पोरगा झाडलोट करून गाडीत बसला होता. त्याने चावी फिरवून गाणी लावायचा प्रयत्न केला आणि मला हाक मारली. “दादा, हे भूत आहे. स्टेरिओ चालू होतोय, बंद होतोय, आणि तेवढ्याच वेळा एसीचं बटण लाल होतंय. लाइटचा स्विच तर बंद आहे.”

मी हाताची सावली करून पाहिलं. खरंच, पार्किंग बंद, आणि एसीची बटणं विझत्या निखाऱ्यासारखी लालसर होऊन परत काळी पडत होती. स्टेरिओचं चिन्ह आलं की लाल, स्क्रीन गेली की काळी. परतीच्या वायरवर मोजलं तर साडेतीन व्होल्टच्या आसपास चढ-उतार.

शेताला पाणी सोडलंय आणि पाटाचं तोंड बुजलं तर पाणी थांबत नाही, शेजारच्या वावरातून वाट काढतं. इथे तेच चाललं होतं. स्टेरिओचा अर्थ तुटलेला. त्याचा करंट बाहेर पडायला वाट शोधत होता. ती त्याला बटणांच्या परतीच्या वायरमधून मिळाली: तिथून उलटा बल्बमध्ये शिरला, बल्बमधून लाइटच्या प्लस वायरवर, आणि त्या वायरवरून पार्किंग आणि टेल लॅम्पच्या फिलॅमेंटमधून बॉडीला. पार्किंगचा स्विच बंद असल्यामुळे प्लस वायरवर बॅटरी नव्हती, म्हणून टेल लॅम्पमार्गे ती जवळजवळ अर्थच झालेली. फिलॅमेंटच्या बल्बला उलट-सुलट काही नसतं, तो दोन्हीकडून पेटतो. पण बारक्या बल्बमधून एवढा मोठा स्टेरिओ चालणार किती? चालू व्हायला जरा जास्त करंट मागितला की बल्ब मधे व्होल्टेज खातात, स्टेरिओ उपाशी पडून बंद, करंट कमी झाला की परत चालू.

आणि रात्री हेच का होत नाही? रात्री पार्किंग चालू असतं, म्हणजे बल्बच्या पलीकडे बॅटरीचा प्लसच उभा. स्टेरिओला दोन्ही बाजूंनी प्लस. तो मरतोच. म्हणून रात्री दोन्ही एकदम विझतात आणि दिवसा दोन्ही एकदम लुकलुकतात. दिवसा उजेडात ती लाली कोणाला दिसणार? पोरगा सकाळी सातला अंधाऱ्या शेडमध्ये बसला म्हणून दिसली.

आता स्टेरिओ उतरवला. बॅटरीची मायनस आधी काढून ठेवली. या गाडीला एअरबॅग नाहीत. ज्यांना असतात त्यांच्या पिवळ्या कपलरना टेस्ट लॅम्प घेऊन हातही लावायचा नाही.

मागे जे होतं ते अपेक्षेप्रमाणे. गाडीचं मूळ कपलर कापलेलं, वायरी पिळून जोडलेल्या, वर काळी टेप, आणि टेपचा डिंक दोन उन्हाळ्यांत वितळून चिकट चिखल झालेला. स्टेरिओच्या बाजूचे रंग बाजारात ठरलेले असतात: पिवळी कायम बॅटरी, लाल चावीवरची, काळी अर्थ, नारिंगी बटणांच्या लाइटची, निळी अँटेनाची. गाडीच्या बाजूला मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. काळी वायर कुठे जोडली होती? पांढऱ्यावर हिरवी रेघ असलेल्या बारीक वायरीला. ही गाडीची बटणांच्या परतीची वायर. मूळ कारखान्याच्या स्टेरिओचा लाइट डिमरबरोबर मंद व्हावा म्हणून ती तिथपर्यंत आणलेली असते. खरी अर्थची जाड काळी वायर शेजारीच टेप गुंडाळून मोकळी पडलेली होती.

हे कसं झालं असेल त्याचा अंदाज करता येतो. फिटिंग करणाऱ्याने टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक एकेका वायरीला. पांढऱ्या-हिरव्या वायरीवर लॅम्प झकास पेटला. का नाही पेटणार? डिमर पूर्णवर होता, मधे नावापुरता रेझिस्टन्स. लॅम्प पेटला म्हणजे अर्थ, जोडा काळी. एलईडीचा पेन-टेस्टर असेल तर विचारूच नका, तो तर दहा-वीस ओहममधूनही तितकाच पेटतो.

मी मुलांना वेगळी पद्धत शिकवतो. संशयित अर्थला २१ वॅटचा, म्हणजे ब्रेकलाइटचा बल्ब बॅटरीच्या प्लसवरून लावायचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर ओढला जातो. मग त्या वायरीवर आणि बॉडीमध्ये व्होल्टेज मोजायचा. ०.१ च्या आत आला पाहिजे. नंतर पार्किंग लावून, डिमर फिरवून परत मोजायचा. आकडा हलला तर ती वायर अर्थ नाही, कुणाच्यातरी घरातून जाणारी वाट आहे.

मग दीड-दोन वर्षं स्टेरिओ चालला कसा? अँटेनाच्या जोरावर. अँटेनाच्या वायरीला बाहेरून जाळी असते, तिचं एक टोक छतावर बॉडीला, दुसरं टोक प्लगमधून स्टेरिओच्या पत्र्याला. स्टेरिओचा पत्रा आणि काळी वायर आतून एकच. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन वाटा होत्या: एक डिमरमधून, एक अँटेनाच्या जाळीतून. जाळीने डिमरला बगल दिली, म्हणून स्टेरिओ बसवला त्या दिवसापासून चाक ‘शोभेचं’ झालं. फेब्रुवारीत यूएसबीसाठी स्टेरिओ ओढला, अँटेनाचा प्लग अर्धवट बसला. त्यानंतर खड्ड्याखड्ड्यात जाळीची वाट तुटायची आणि स्टेरिओचे सगळे तीन-चार अँपिअर त्या बिचाऱ्या डिमरच्या जिभेवरून जायचे. ती अर्धा-पाऊण अँपिअरसाठी बनवलेली. मी विचारल्यावर गुरुजींना आठवलं की मार्च महिन्यात दोन दिवस गाडीत काहीतरी जळकट वास येत होता. “मी म्हटलं, बाहेर कोणी ऊस पेटवला असेल.” ऊस पेटवला म्हणजे फड जाळला, आमच्या भागात मार्चला तो वास नवा नाही. पण जळाला होता डिमर.

त्यानंतर बटणांचे बल्ब आणि स्टेरिओ, दोघांचा अर्थ म्हणून उरला फक्त एक अर्धवट बसलेला अँटेनाचा प्लग.

खात्री

तीन गोष्टी करून पाहिल्या. स्टेरिओची काळी वायर पांढऱ्या-हिरव्यापासून सोडवून थेट बॉडीला लावली: अँटेनाचा प्लग हातात धरून हलवला तरी स्टेरिओ स्थिर. पार्किंग लावलं: बटणं पूर्ण काळी, आता कितीही आपटा. म्हणजे डिमरची वाट तुटलेली आहे हे पक्कं. मग पांढऱ्या-हिरव्याला तात्पुरती वायर लावून बॉडीला टेकवलं: सहा बल्ब उजळले.

सातवा, फॉगच्या बटणातला, तरी नाही. इथे मी अर्धा तास फुकट घालवला. डोकं त्याच वायरीत अडकलं होतं, वाटलं आणखी एक जोड कुठेतरी तुटलाय. शेवटी बटण उघडलं तर आत बल्बऐवजी एलईडी. एप्रिलच्या बल्बबदलात त्या मापाचा बल्ब संपला असेल, त्याने एलईडी घातला, आणि उलटा घातला. एलईडी एकाच दिशेने पेटतो. चिमट्याने काढून फिरवून बसवला, पेटला. पण ठेवला नाही. तारेच्या डिमरवर एलईडी आणि साधे बल्ब एकत्र असले की मंद करताना साधे बल्ब खाली येतात आणि एलईडी तसाच टोचत राहतो. साधा बल्ब बसवला. पंचवीस रुपये.

डिमर उघडला. जीभ काळी पडून मागे वाकलेली, खाली चिनी मातीवर काळा डाग, तार एका जागी तुटलेली. मीटरवर दोन टोकांत काहीच नाही. गुरुजींपुढे दोन पर्याय ठेवले. एक, डिमर काढून टाकून परतीची वायर थेट बॉडीला: पैसे जवळजवळ नाहीत, लाइट कायम पूर्ण. दोन, डिमर शोधायचा. एवढ्या जुन्या गाडीचा नवा मिळणं कठीण, पण भंगारात मिळेल. मला वाटलं पहिला घेतील. गुरुजी म्हणाले, “शोधा. अर्धवट काम आता दोनदा झालंय.”

कोल्हापूरच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलच्या गाडीचा डिमर चार दिवसांनी टेंपोवाल्याच्या हाती आला. अडीचशे रुपये. बसवण्याआधी मीटर लावून चाक हळूहळू फिरवलं: ०.४ ओहमपासून १२ पर्यंत, मधे कुठे उडी नाही. उडी असेल तर तिथे जीभ उचलली जाते आणि लाइट फडफडतो, असला डिमर घ्यायचा नाही.

मग वायरिंग. स्टेरिओची काळी वायर मूळच्या जाड काळ्या वायरीला, आणि खात्रीसाठी दुसरी एक डॅशबोर्डमागच्या लोखंडी बीमच्या बोल्टला, रंग खरवडून. पांढरी-हिरवी वेगळी करून टोक झाकून बांधली. आजकालच्या स्टेरिओला तिची गरजच नसते. सगळे जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. टेप एक इंचही वापरली नाही. अँटेनाच्या प्लगचं बाहेरचं कडं चिमट्याने किंचित दाबून घट्ट केलं आणि वायर बांधून टाकली, म्हणजे कोणी पुन्हा स्टेरिओ ओढला तरी प्लगवर ताण येणार नाही.

मोजमाप परत. आवाज पूर्ण, ढोलकी चालू: स्टेरिओच्या अर्थवर ०.०६ व्होल्ट. बटणांच्या परतीच्या वायरवर चाक पूर्णला ०.२८, काटा स्थिर, ढोलकीशी काही देणंघेणं नाही. चाक खालच्या टोकाला नेलं तर पावणेसहा व्होल्टच्या आसपास, बटणं अर्ध्याहून कमी.

फ्यूजबद्दल दोन शब्द. या वायरीवरचा सगळा भार, चार पार्किंग, नंबर प्लेट आणि बटणं धरून, चाळीस वॅटच्या आसपास, म्हणजे साडेतीन अँपिअर. १० चा फ्यूज त्याला भरपूर झाला. २० चा घातला तर फॉल्ट झाल्यावर फ्यूज जायच्या आधी बटणांमागची ती सुतळीएवढी वायर तापते, आणि ती डॅशबोर्डच्या फोमला चिकटून गेलेली असते. पहिल्या फेरीत मी केलेलं एकमेव उपयोगाचं काम म्हणजे तो फ्यूज बदलणं.

गुरुजी संध्याकाळी आले. अंधार पडेपर्यंत थांबले. गाडीत बसून चाक खाली, वर, परत खाली केलं. मग गाणं लावलं आणि गॅरेजसमोरच्या गटाराच्या पत्र्यावरून गाडी तीनदा पुढे-मागे नेली, मुद्दाम जोरात. उतरून आले.

डिमर अडीचशे, बल्ब पंचवीस, मजुरी नऊशे, वजा आधीचे तीनशे. आठशे पंच्याहत्तर. त्यांनी पैसे दिले, बिल घेतलं, फाइल काढून त्याला पंच मारला. मग खिशातलं लाल पेन काढलं, ऑगस्टच्या कॉम्बिनेशन स्विचच्या बिलावर आडवी रेघ मारली, पान उलटलं आणि माझ्या तीनशेच्या बिलावरही मारली.